मालनचं नाक

गेल्या फेब्रुवारीत ताप आला, चौथ्या दिवशी उतरला,
उतरताना मालनचा वास घेऊन गेला.
डॉक्टर म्हणाले, येईल परत.
कधी, ते म्हणाले नाहीत.

तेव्हापासून सकाळी दुधाचं पातेलं माझ्यापुढं येतं.
"बघा."
मी बघतो.
"डोळ्यानं न्हवं."

उद्यमनगरात चौतीस वर्षं साचे भरले मी.
कोळशाची पूड, काकवी घातलेली वाळू, तापलेलं लोखंड,
एवढेच वास ओळखीचे.
आता साठीला आलो आणि
आंबलेल्या आमटीची पहिली इयत्ता.

ती सांगते, मी कॅलेंडरच्या पाठीमागं लिहितो:
मेथी धुऊन ठेवायची नाही, कोरडीच पेपरात गुंडाळायची
(कुठला पेपर? "कुठला बी. मेथी वाचत न्हाई.")
मिरचीचा देठ काढायचा, कुजणं तिथनंच सुरू होतं.
कांदा-बटाटा एका टोपलीत नांदत नाहीत.
तूरडाळीला एरंडेलाचा हात, मग दोन उन्हं.
पातेलं आधी पाण्यानं विसळावं, मग दूध ओतावं,
तळाला धरत नाही.
आलं ओल्या वाळूत पुरावं...

इथं मी पेन खाली ठेवलं.
वाळूचं मला सांगू नकोस.
चाळली, पाणी शिंपडलं, मुठीत दाबून उघडली:
बोटांचे ठसे स्वच्छ, ढेकूळ मोडलं तर कडा शाबूत.
ह्याला ओल म्हणतात, म्हटलं.
तिनं ढेकूळ हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.
"मग भाकरी का फाटती तुमची?"

म्हणून पुढचं कलम:
ज्वारी आठ दिवसांपुरतीच दळून आणायची.
पीठ जुनं झालं की विरी जाते.
गेलीच, तर उकळतं पाणी, थोडा वेळ झाकण,
आणि तळहाताचा जोर, "राग काढल्यागत."

एकदा चुकलो.
उरलेला पांढरा रस्सा रात्री पास केला.
त्या रात्रीचं लिहीत नाही.
एवढंच लिहिलंय: नारळाच्या दुधाचं, सकाळचं रात्री नाही.
खाली दोन रेघा.

मग मार्च आला, चटणीचा.
रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, मूठभर लवंगी.
तीन दिवस गच्चीवर, मोडली की कटकन वाजेपर्यंत.
खोबरं भाजताना ती उलथनं घेऊन उभी,
कुलूप लावलेल्या दुकानासमोर उभं राहावं तशी.
"लागलं का? सांगा की."
अजून नाही.
"आता?"
उतरव.
आयुष्यात तिनं कुणाला विचारून कढई उतरवली नव्हती.

शेवटी मिरच्या.
शेजारच्या रेहानाभाभीनं खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला,
आणि मालनला ठसका लागला.
ओट्याला धरून वाकली, डोळ्यांतनं पाणी,
खोकता खोकता हसायला लागली.
"आली! अवो, चटणी आली मला!"

डॉक्टरांना फोनवर विचारलं.
म्हणाले, तो वास नव्हे, ती नुसती आग. तिची वाट वेगळी.
मालनला हे अजून सांगितलेलं नाही.
कॅलेंडरवरही लिहिलेलं नाही.

डंकावरनं आणलेली चटणी रात्रभर गार केली.
बरणीत तळाला हिंगाचा खडा, मध्ये एक, वर एक,
तोंडाला धुतलेलं फडकं, दोरी आवळून.
चमचा कोरडा. ओला चमचा म्हणजे घरात चोर.
आणि रोजच्याला छोटी डबी भरून घ्यायची,
मोठी बरणी सारखी उघडायची नाही.
हा नियम तिचाच, तिच्याच तोंडचा.

रोज सकाळी ती दोरी सोडते,
तोंड बरणीत घालते,
खोल श्वास, मग बारीकसा ठसका.
मी तेवढा वेळ दुधाशी उभा असतो,
तिकडं बघत नाही.